जोडीचा पाट

केळवण काका-काकूंचं आणि स्वयंपाकघर जाऊबाईंचं, म्हणून सकाळपासून सुधाकाकूंना प्रत्येक डबा उघडून नाकानेच ओळख पटवावी लागत होती. जायफळ म्हणून काढली ती दालचिनी निघाली. वेलदोड्याच्या म्हणून उघडलेल्या डबीत तर शर्टाची बटणं होती.

"ही बटणं कशाला गं इथे, ऊर्मिले?"

"यांच्या शर्टांची आहेत ताई. शर्टांची फडकी करून टाकली. बटणं कुठे टाकायची ते सुचेना."

सुधाकाकूंनी डबी जपून बंद केली आणि होती तिथे ठेवली. दत्ताभावजींना जाऊन वर्षं झाली, पण जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या या घरात ते असे अजून जागोजाग सापडत. जिन्याखाली त्यांची सायकल होती. खिडकीबाहेर, ज्या कारखान्यात त्यांनी हयात घालवली त्याच्या चिमण्या होत्या. आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेले दोन पाट होते. पहिल्या वर्षी गणपती बसवायचा आणि पाट नाही, म्हणून त्यांनी तळघरात बसून पाइनच्या फळ्यांचे हे पाट स्वतः केले होते. रसायनांचा माणूस, सुतारकामाशी संबंध नाही. एक पाट जरा डुगडुगे. त्याखाली बिअरच्या बाटलीचं बूच ठोकलेलं होतं, आणि घरात त्यावरून अजून हसत.

आज त्या पाटांवर तनया आणि सुमित बसणार होते. जूनमध्ये पुण्यात लग्न. तिथल्या धावपळीत केळवणाला निवांत वेळ मिळायचा नाही, आणि वासुदेवराव फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनाला आलेच होते, तर तो बेत इथेच उरकून टाकावा असं ठरलं. चिंचवडला वासुदेवरावांचा व्हॉल्व्हचा कारखाना होता. दर तीन वर्षांनी ते या प्रदर्शनाला येत. या खेपेला पुतणीचं लग्न म्हणून त्यांनी सुधाकाकूंनाही आणलं होतं. प्रदर्शनाचे दिवस ते फ्रँकफुर्टच्या हॉटेलात राहिले, काकू इथे जावेकडे. शनिवारी ते हापूसची उरलेली पेटी आणि काकूंसाठी अत्तराची बाटली घेऊन आले. प्रत्येक प्रदर्शनाहून ते काकूंसाठी काहीतरी महागडं आणत. काकूंनी बाटली बघितली, "छान आहे," म्हणाल्या आणि बॅगेच्या तळाशी ठेवली. घरी अशा बाटल्यांचा एक खण भरला होता. एकीचंही झाकण काकूंनी उघडलेलं नव्हतं.

"पुरण जमलं का बघा ताई," ऊर्मिला म्हणाली. तिने नारळ, सुपारी आणि हळदकुंकवाचं तबक ओट्याच्या कडेला तयार ठेवलं होतं. "जेवणं झाली की तुम्हा दोघांपुढे नारळ ठेवते. फोनवर सांगितलं होतं, पण रीतसर विचारायला हवं. यांच्या जागी दादांनीच कन्यादान करायचं, असं तनयाने लहानपणीच ठरवून टाकलंय."

"अगं, विचारायचं काय त्यात? आमच्या पोटी मुलगी नाही. ते तर कधीपासून वाट बघतायत."

हे खरंच होतं. दत्ताभावजी गेले तेव्हा वासुदेवराव मिळेल त्या विमानाने आले होते आणि महिनाभर इथे राहिले होते. भाषा येत नसताना एकेका कचेरीच्या दारात जाऊन बसले होते. तनया उन्हाळ्यात चिंचवडला आली की तिला स्कूटरवर पुढे उभी करून ते कारखान्यात नेत आणि कामगारांना सांगत, "ही आमची जर्मन मालकीण." माणूस हौशी, सढळ, घरादाराला धरून असलेला. बाकीचं काकूंना ठाऊक होतं. प्रदर्शनं, बँकॉक, दुबई, तिकडून परतल्यावर दोन दिवस जरा जास्तच प्रेमाने बोलणं. काकूंनी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. घर सुखात चाललं होतं.

दाराची घंटा वाजली. सुमित रेगेन्सबर्गहून पहाटेच्या गाडीने आला होता. मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला उंच, जरा वाकून चालणारा मुलगा. दारातच त्याने ऊर्मिलेला वाकून नमस्कार केला, मग काकूंना, चांगली दोन्ही पावलांना बोटं लावून. बाल्कनीत वासुदेवराव आणि आखनहून आलेला ऊर्मिलेचा भाऊ नागेश बातम्या चघळत बसले होते. सुमितने नागेशमामालाही वाकून नमस्कार केला. वासुदेवरावांपुढे तो अर्धवट वाकला, हात गुडघ्यापर्यंतच गेला, आणि सरळ झाला.

"काय जावईबापू, कंबर धरली का प्रवासाने?" वासुदेवराव हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

सुमित हसला नाही. स्वयंपाकघराच्या दारातून काकूंनी ते पाहिलं आणि पोळी लाटता लाटता त्यांचा हात एकदा थांबला. तनयासुद्धा सकाळपासून गप्प गप्प होती. रांगोळी काढायला बसली होती, पण ठिपके नुसतेच मांडून ठेवले होते.

"तनू, भांडलात का गं?" काकूंनी हळूच विचारलं.

"नाही काकू. सुमितशी नाही."

एवढं बोलून ती रांगोळीकडे वळली. ती लहानपणी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आता मोठी झाल्यावर मराठी छान बोले, पण मनात काही असलं की वाक्यं तुटत. शेजारच्या मानहाइममध्ये ती बायकांच्या एका सल्ला केंद्रात काम करी. फसवून आणलेल्या, धंद्याला लावलेल्या मुली तिथे येत. सासरच्यांना हे काम सांगताना ऊर्मिलेने नुसतं 'समाजकार्य' म्हटलं होतं. वासुदेवरावांनी मात्र चारचौघांत अभिमानाने सांगितलं होतं, "आमची पोर वाघीण आहे. गुंडांच्या तावडीतून बायका सोडवते."

पानं मांडली. पाटांवर तनया-सुमित, ताटांभोवती शेवटी काकूंनीच भरलेली रांगोळी, बाकीचे टेबलाशी खुर्च्यांवर. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, आमरस आणि ऊर्मिलेने मोसम आहे म्हणून केलेली पांढऱ्या श्पार्गेलची, म्हणजे शतावरीच्या कोंबांची, भाजी. या भाजीला जर्मन माणसं वर्षभर डोळे लावून बसतात, आणि तिला चव कसली म्हणून वासुदेवराव दर वेळी विचारतात.

"ऊर्मिला, ही भाजी म्हणजे आजाऱ्याची शेवग्याची शेंग."

"दादा, मोहरी-खोबरं घातलंय. खाऊन तर बघा."

"खातो बाई. तुमच्या घरात खायला नाही म्हणण्याची प्राज्ञा आहे का?"

सगळे हसले. नागेशमामाने सुमितला पोळीचा आग्रह केला, वासुदेवरावांनी तुपाची वाटीच उपडी केली. घटकाभर केळवण जसं व्हावं तसं झालं. सुधाकाकूंना बरं वाटलं. सकाळची शंका त्यांनी पोळपाटाबरोबर धुऊन ठेवावी असं ठरवलं.

मग गप्पा फुटबॉलवर आल्या. पुढच्या महिन्यात विश्वचषक. जवळच कैझर्सलाउटर्नला सामने होते. गल्लीतल्या मोटारींना आत्तापासूनच झेंडे लागले होते.

"तनयाबाईंच्या ऑफिसला आता सुट्टी नाही," नागेशमामा म्हणाला. तो विद्यापीठात शिकवायचा आणि जेवताना वाद घातला नाही तर त्याला अन्न पचत नसे. "पेपरात रोज येतंय, सामन्यांसाठी जगभरातून बायका आणणार म्हणून. मला ते अतिरंजित वाटतं. या देशाने चार वर्षांपूर्वी कायदा केला, तो चांगला केला. धंदा आहे हे मान्य केलं. पैसे बुडवले तर ती बाई कोर्टात जाऊ शकते, विमा काढू शकते. आपल्याकडे काय? पोलीसच हप्ता खातात."

"मामा, आमच्याकडे येणाऱ्यांपैकी एकीनेही विमा काढलेला मी बघितला नाही."

"म्हणजे कायदा चुकीचा?"

"तसं नाही. आल्झो... म्हणजे, जी बाई स्वतः ठरवून करते, तिला कायद्याने बरं झालं. आहेत अशा, मी भेटलेय. पण माझ्याकडे येतात त्यांचा पासपोर्ट दुसऱ्याच्या खिशात असतो. हॉटेलात काम आहे सांगून आणतात. कायद्याने त्यांना काही मिळालं नाही. मालकाला मात्र दुकान उघडपणे थाटता आलं."

"मग बंदी घाला. घाला आणि बघा, सगळं तळघरात जाईल."

"गेनाऊ, तेच तर. म्हणूनच मला बंदीही नको वाटते. तळघरात गेल्या तर मी त्यांना शोधू कुठे? आमच्या ऑफिसात यावर रोज भांडणं होतात. एकजण म्हणते बंद करा, दुसरी म्हणते उघडं ठेवा. स्वीडनमध्ये तिसरंच करतात. बाईला हात लावत नाहीत, घेणाऱ्याला पकडतात."

"घेणाऱ्याला?" सुधाकाकूंनी विचारलं. वाढायचा चमचा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"हो काकू. जो पैसे देतो त्याला."

वासुदेवराव मोठ्याने हसले. बाल्कनीत नागेशबरोबर घेतलेल्या वाइनने त्यांचे गाल लाल झाले होते. "मग तर व्यापारच बुडाला. नागेशराव, तुम्ही नुसते पुस्तकातला कायदा सांगता. कायदा कसा स्वच्छ, टापटीप चालतो ते आमच्या जावईबापूंना विचारा. गुरुवारी बारपर्यंत आले आणि तिथून धूम पळाले. मी म्हटलं, पोरगा लग्नाआधीच बायकोला घाबरतो."

कुणी हसलं नाही. सुमितने हातातला घास ताटात ठेवला. वासुदेवरावांना वाटलं, विनोद नीट पोचला नाही. त्यांनी तो फोड करून सांगायला घेतला. घरच्याच माणसांत बसलो आहोत आणि परक्या देशात रिवाजाप्रमाणे वागलो, यात झाकण्यासारखं काही आहे हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"अहो, प्रदर्शनातली एक पार्टी आहे, आमच्याकडून माल घेते. त्यांनी जेवायला बोलावलं. वेलनेस क्लब. गरम पाण्याचा टब, सौना, जेवण, सगळं पंचतारांकित. दारात फी भरायची, पावती घ्यायची. मला भाषेची अडचण, म्हणून सुमितला म्हटलं ये दुभाष्या म्हणून. जावई कधी नाही म्हणतो का?"

जावई नाही म्हणत नाही, हे खरं. म्हणूनच सुमित ऑफिस सुटल्यावर रेगेन्सबर्गहून तडक फ्रँकफुर्टला गेला होता. होणाऱ्या बायकोच्या वडिलांच्या जागी असलेल्या माणसाने बोलावलं, कशाला म्हणून विचारायची पद्धत नाही.

"मला वाटलं हॉटेल आहे," सुमित खाली बघत म्हणाला. "आत गेल्यावर कळलं. काका बारपाशी बसले. एक मुलगी आली. काका म्हणाले, विचार तिला, कुठली आहेस, नाव काय. मी विचारलं. तिला जर्मन येत नव्हतं. इंग्लिशमध्ये विचारलं, तेही नाही. तिला फक्त आकडे येत होते. किती वेळाचे किती, एवढंच बोलता येत होतं. मी परत नाव विचारलं तर तिने परत आकडाच सांगितला. मग ती मागे बघायला लागली, कुणीतरी रागवेल अशी. मी निघालो."

ऊर्मिला झटकन उठली. "आमरस वाढते. ताई, वाटी द्या ना. आज हे नको. आजचा दिवस जाऊ दे."

"तिथल्या मुली राजीखुशीने असतात," वासुदेवराव म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा चढला होता. "गुन्हा केला का मी? लायसन आहे त्या जागेला. नागेशराव, तुम्हीच आत्ता म्हणालात."

नागेशमामाने चष्मा काढून पुसला. "म्हणालो. कायद्याबद्दल जे म्हणालो ते परतही म्हणेन. पण नाव विचारलं तर आकडा सांगते, त्या मुलीला राजीखुशी कोण म्हणेल? आणि होणाऱ्या जावयाला दुभाष्या म्हणून तिथे नेणं कुठल्या कायद्यात बसतं, ते मला खरंच ठाऊक नाही, वासुदेवराव."

"सुमितने मला त्याच रात्री फोनवर सांगितलं," तनया म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "मी ऑफिसात सांगितलं. आमची एकजण तिथे गेलीय, आठवड्यातून एकदा जाते, चहा घेऊन. मुलींशी बोलते, नंबर देऊन येते. ती मुलगी भेटेल की नाही माहीत नाही. भेटली तरी बोलेल की नाही. बहुतेक वेळा नाही बोलत." तिने काकांकडे बघितलं. "काका, मला दुसरं कुणीच नको होतं कन्यादानाला. बाबांच्या जागी तुम्हीच. आता तुम्ही माझा हात सुमितच्या हातात द्याल तेव्हा मला तीच आठवेल. मी काय करू ते सांगा ना."

ताट बाजूला सारून वासुदेवराव बाल्कनीत गेले आणि काचेचं दार ओढून घेतलं.

ऊर्मिलेला रडू फुटायच्या बेतात आलं. "ताई, तुम्ही समजवा तिला. दादांनी आमच्यासाठी किती केलं. महिन्यावर लग्न आलंय. पत्रिकेत नावं छापून झालीत."

सुधाकाकू हातातला चमचा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याशी उभ्या राहून खिडकीतून कारखान्याच्या चिमण्यांकडे बघत राहिल्या. आपल्याला धक्का बसला नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं. इतकी वर्षं 'तिकडे काहीतरी असतं' एवढंच त्यांनी मनात ठेवलं होतं. त्या काहीतरीला चेहरा नव्हता. म्हणून ते अत्तराच्या बाटलीसारखं खणात बंद करून ठेवता यायचं. आज त्याला चेहरा आला. मागे वळून बघणारी, आकडे पाठ केलेली कुणाची तरी पोर. आपल्या तनूपेक्षा लहानच असेल.

आणि मग त्यांना कन्यादान डोळ्यांसमोर दिसलं. बोहल्याशेजारी पाट, जोडीने बसलेले दोघं. हात नवऱ्याचे असतात, पण पाण्याची धार बायकोने धरायची असते. झारी तिच्या हातात. तिने पाणी सोडल्याशिवाय ते दान होत नाही. किती लग्नांत त्यांनी हे बघितलं होतं, पण त्यात बायकोचं काही काम आहे असं कधी वाटलं नव्हतं. बसायचं, भटजी सांगतील तेव्हा झारी वाकडी करायची.

त्यांनी पदराने हात पुसले, ओट्यावरचं तबक उचललं आणि बाहेर आल्या. बाल्कनीचं दार त्यांनीच उघडलं.

"अहो, आत या. ऊर्मिलेला नारळ ठेवायचाय, त्याआधी बोलून घेऊ."

वासुदेवराव आत आले. चेहरा उतरला होता, पण ताठा होता. "मला शिकवू नका कुणी. मी तनूचा काका आहे. मी चुकलो असेन तर पोर मला दोन शब्द बोलेल, मी ऐकून घेईन. कन्यादानाला मी बसणार."

"तुम्ही बसा," सुधाकाकू म्हणाल्या. "मी बसणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या शेजारच्या पाटावर मी बसणार नाही. पाणी सोडणार नाही."

आवाज चढला नव्हता. गॅस बंद कर सांगावं तसं त्या बोलल्या. वासुदेवरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई आज कुणी बदलून आणली आहे.

"सुधा, चार माणसांत?"

"चार माणसांतच तर निघालं. मी कुठे काढलं?"

"तुला वाटतं तुझ्यावाचून अडेल? शास्त्रात सोय आहे. बायको नसली तर कमरेला सुपारी लावून बसतात. मीही लावीन."

"लावा की. पण ती सोय बायको नसलेल्यासाठी आहे. मी तर मांडवातच असेन, पहिल्या रांगेत, पैठणी नेसून. लोक विचारतील, वहिनी तिथे आणि सुपारी इथे, हे कसं? सांगा मग त्यांना, कसं ते."

नागेशमामाला एकदम ठसका लागला. सुमितने त्याला पाणी दिलं. तनया काकूंकडे बघत होती, तोंड जरासं उघडं, लहानपणी चिंचवडला ट्रेन जाताना बघायची तशी.

काकू ऊर्मिलेकडे वळल्या. "आणि सुपारीचीच गोष्ट निघाली, तर ती खरी कुणाला लागते? तुझा नवरा खरंच नाही गं. तू बस. तू कन्यादान कर."

"मी?" ऊर्मिला मागे सरली. "ताई, मी कशी... मला चालतं का?"

"आमच्या सोसायटीत एक बाई पौरोहित्य करतात. गेल्या वर्षी एका आईने एकटीने केलं, त्यांनीच मंत्र म्हटले. मी स्वतः जेवून आलेय त्या लग्नात. पोर वाढवायला चाललं, एकटीने या परक्या देशात नोकरी करून शिकवायला चाललं, आणि हात द्यायला चालत नाही? शेजारी दत्ताभावजींची सुपारी ठेव."

"लोक काय म्हणतील?"

"लोक जेवतील आणि जातील. मी मागे उभी राहीन. झारी जड असते, धरू लागेन."

ऊर्मिलेने भावाकडे बघितलं. नागेशमामा म्हणाला, "मला विचारू नकोस, मी तर आता कुठल्याही कायद्यावर बोलायचा नाही." मग हसून मान हलवली. "कर गं. दत्ताला आवडेल."

"आई," तनया म्हणाली, "तूच कर."

"पदर पसर," सुधाकाकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांत ऊर्मिलेची ओटी कुणी भरली नव्हती. हळदीकुंकवाला ती स्वतःहून स्वयंपाकघरात जाऊन बसे, कुणी काही बोलायच्या आतच. तिने आता पदर पुढे धरला तो नीट धरताही येईना. काकूंनी त्यात तांदूळ घातले, सुपारी घातली, नारळ ठेवला. नारळ मानहाइमच्या दुकानातला, शेंडी नसलेला. मग कुंकवाचं बोट पुढे केलं, एकदा विचारावं असं थांबल्या, आणि ऊर्मिलेने डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

वासुदेवराव उभेच होते. सगळं त्यांच्याभोवती ठरलं होतं आणि त्यांना कुणी हाकललंही नव्हतं. हे त्यांना जास्त जड जात असावं. भांडण झालं असतं तर त्यांनी ते जिंकलं असतं, तशी सवय होती. ते हळूच खुर्चीवर बसले.

"तनू," ते शेवटी म्हणाले, "ती भेटली तर... तुमच्या त्या बाईला... तर मला कळवशील?"

"कशाला काका?"

तनयाने उत्तराची वाट पाहिली नाही. "भेटली तर सांगेन," एवढंच म्हणाली. आणि मग काही आठवल्यासारखं उठून तिने तुपाची वाटी त्यांच्या ताटाजवळ सरकवली. माफ केलं असं त्यात नव्हतं. पण ताट अर्धं टाकून कुणी उठायचं नाही, हा त्या घराचा नियम होता आणि तो काकांनीच तिला लहानपणी शिकवला होता.

ते जेवले. श्पार्गेलची भाजीसुद्धा संपवली, काही न बोलता.

पुन्हा पंगतीला आवाज आला. पुण्याला किती माणसं जाणार, सुमितच्या आईला कुठल्या रंगाची साडी चालेल, यावर ऊर्मिला आणि नागेश यांच्यात वाद लागला. तनया आणि सुमित एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होते. मघाशी मुलीला समजवा म्हणून गळ घालणारी ऊर्मिला आता भटजींना काय काय विचारायचं त्याची उजळणी करत होती, आणि मधूनच कपाळाला बोट लावून बघत होती. सुधाकाकू शेवटी आपलं पान घेऊन बसल्या. सकाळपासून उभ्या होत्या, पण शीण वाटत नव्हता. भूक लागली होती, चांगली कडकडून. त्यांनी पोळीवर तूप घेतलं, परत घेतलं. इथलं पीठ नीट ताणत नाही म्हणून सकाळी त्या कुरकुरल्या होत्या, पण पोळी मऊ झाली होती.

ताटं उचलताना वासुदेवराव त्यांच्यामागून स्वयंपाकघराच्या दारात आले. बऱ्याच वर्षांत ते स्वयंपाकघराच्या दारात असे रिकाम्या हातांनी उभे राहिले नव्हते.

"मग लग्नात मी काय करायचं?" त्यांनी विचारलं. राग नव्हता. खरोखरीच विचारत होते.

सुधाकाकूंनी नळ बंद केला. बैठकीच्या खोलीत बघितलं. तनया-सुमित उठले होते आणि दत्ताभावजींचे दोन पाट रिकामे पडले होते. रांगोळी जरा फिसकटली होती.

"ते पाट पुण्याला न्यायचे आहेत," त्या म्हणाल्या. "ऊर्मिला त्यावर बसेल आणि शेजारच्यावर भावजींची सुपारी. तुमच्या बॅगेत जागा आहे. नसली तर माझ्या बॅगेतली ती बाटली काढून टाका."

वासुदेवराव बाहेर गेले, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि एक एक पाट उचलून ओल्या फडक्याने त्यावरची रांगोळी पुसू लागले. डुगडुग्या पाटाखालचं बूच सैल झालं होतं. ते त्यांनी अंगठ्याने दाबून बसवलं.